अडीचकाकांची तिरकी लाइन

त्यांना सगळे अडीचकाका म्हणत. खरं नाव परवान्यावर होतं आणि परवाना घरच्या कपाटात, त्यामुळे त्या नावाचा कुणाला पत्ता नव्हता. अडीच हे तारेच्या जाडीचं माप. इतर वायरमन जिथे दीडची तार ओढून मोकळे होत, तिथे हे गृहस्थ अडीचची मागत, आणि मालकाच्या कपाळाला आठ्या पडल्या की म्हणत, "दिव्याला दीड पुरते हो. पण तिथे तुम्ही दिवाच लावाल कशावरून?"

हा प्रश्न ते उगाच विचारत नसत. त्यांची कामाची एक रीत होती. नुसत्या विटांच्या भिंती उभ्या असलेल्या घरात गेले की आधी ते एखाद्या पालथ्या घमेल्यावर बसत आणि डोळे अर्धवट मिटून त्या घरात पुढे राहायला येणारी माणसं बघत. इथे आजोबा आरामखुर्ची ओढतील आणि पायाशी हीटर मागतील. इथे कुणी मुलगी आरशासमोर केस वाळवत बसेल आणि तिची आई हाका मारून मारून दमेल. बिनतावदानाच्या खिडकीतून ऊन आत येई, सिमेंटची धूळ त्यात तरंगत राही, आणि काकांना त्या अजून न आलेल्या माणसांचं बोलणंसुद्धा ऐकू येई. मग ते उठत, खिशातून निळा खडू काढत आणि भिंतीवर रेघा मारायला लागत. त्यांची बायको म्हणायची, "लोक कामावर जाऊन काम करतात. आमचे हे घमेल्यावर बसून दुसऱ्यांचे संसार थाटतात."

या स्वप्नातून त्यांना जागं करायला बाकीची कारागीर मंडळी टपलेलीच असायची. गवंडी स्विचच्या पेट्या प्लास्टरखाली अशा गडप करायचा की त्या कुठे होत्या हे भिंत ठोकून शोधावं लागे. काकांनी तारांसाठी खोदलेल्या झिरीतून प्लंबर खुशाल आपला पाइप न्यायचा आणि वर विचारायचा, "तुमचं नक्की ठरलं होतं का इथूनच न्यायचं?" टाइलच्या मधोमध सॉकेट आला की टाइलवाल्याला तो आपला अपमान वाटे. पण काकांचा खरा दात होता तो सुतारांवर. बाकीच्यांनी केलेला घोळ निदान डोळ्यांना दिसतो. सुतार कपाट लावतो, बोटभर लांबीचे स्क्रू भिंतीत घुसवतो, शीळ घालत घरी जातो, आणि आत तारेला भोक पडलेलं असतं.

म्हणून काकांनी एक नियम धरला होता आणि तो ते प्रत्येक ठिकाणी घसा फोडून सांगत. तार भिंतीत उभी जाते नाहीतर आडवी जाते, तिरकी कधीच नाही. सॉकेट दिसला की त्याच्या सरळ वर हातभर रुंद पट्टा सोडायचा, तिथे खिळासुद्धा ठोकायचा नाही. शिवाय घरातल्या सगळ्या लाइनींचा नकाशा ते कागदावर काढत आणि फ्यूजच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवत. "आधी कागद बघा, मग ड्रिल चालवा," ते सुतारांना सांगत. "एवढंही जमत नसेल तर घरी बसून रंधा मारा."

आणि मग त्यांच्या एकुलत्या एका लेकीने सुतार पसंत केला.

मुलगा सालस होता, कामाचा होता, नाव ठेवायला जागा नव्हती. घरी आला की ते त्याला रीतसर "या, बसा" म्हणत, "जावईबापू, चहा घ्या" म्हणत, आणि मग दोघंही आपापल्या कपाकडे बघत राहत. लेकीने नवं घर बांधायला घेतलं तेव्हा तारांचं काम बाबांकडे आणि लाकडाचं नवऱ्याकडे हे ओघानंच आलं. तिने बापाला एकट्याला गाठलं.

"बाबा, सगळ्या जगाशी भांडा, पण या घरात नको," ती म्हणाली. "तुम्ही दोघं इथे भांडलात ना, तर पुढे तुम्हाला या म्हणतानासुद्धा मला दहादा विचार करावा लागेल."

काकांनी शब्द दिला. लेकीच्या घरी वाटेल तेव्हा जावं, न विचारता आत शिरून बसावं, याहून जास्त काही त्यांना आयुष्याकडून नको होतं.

त्या घरात ते घमेल्यावर बसले ते तासभर उठलेच नाहीत. झोपायच्या खोलीत त्यांना लेक म्हातारी झालेली दिसली. केस पांढरे, गुडघ्यांवर शाल, उशाशी हीटर, वर एसी, आणि कोपऱ्यात अजून कुणी शोधून न काढलेलं कसलंसं यंत्र गुरगुरत असलेलं. ती कुणाला तरी सांगत होती, "माझ्या बाबांनी टाकलेली लाइन आहे, तिला काही होत नाही." तोवर आपण नसू हे काकांच्या लक्षात आलं, पण वाईट वाटलं नाही, उलट अंगावरून ऊब फिरली. त्या खोलीला अडीच भरपूर होती. काकांनी चारची आणली.

चारची तार जाड आणि हट्टी. तिला मोठा पाइप हवा, आणि खोलीची भिंत होती चार इंची. खोल झिरी काढायला घेतली तर गवंडी आडवा आला, भिंत फुटेल म्हणाला. लहान पाइपातून, एवढ्या वळणांतून, तीन जाड तारा काही केल्या पुढे सरकेनात. तेव्हा काकांनी एक वळण वाचवलं. छताच्या कोपऱ्यापासून पलंगाजवळच्या सॉकेटपर्यंत पाइप तिरका उतरवला. तारा सुळकन गेल्या. त्यांच्या कानात अजून म्हातारी लेक बोलत होती, आणि तिचं ऐकत ऐकतच त्यांनी संध्याकाळी नकाशा काढला. हाताला बत्तीस वर्षांची सवय. कागदावर त्या खोलीतही एक आडवी आणि एक उभी रेघ ओढली गेली.

आठ महिने गेले. मध्ये काकांनी अकरा घरं केली आणि तो तिरका पाइप त्यांच्या डोक्यातून साफ पुसला गेला. लेकीकडे प्लास्टर झालं, रंग झाला, जावयाने झोपायच्या खोलीत भिंतभर कपाट उभं केलं. सामान यायच्या आदल्या दिवशी सकाळी काका शेवटची तपासणी करायला आले. तारेवरचं प्लास्टिक कुठे फाटलंय का हे सांगणारं मेगर नावाचं यंत्र असतं. त्या खोलीच्या लाइनला ते लावलं आणि काटा शून्यावर जाऊन पडला, म्हणजे तार आत फाटलेली. काकांनी कपाटाकडे बघितलं. त्यांच्या डोक्यात तिडीक गेली.

"जावईबापू, केवढे स्क्रू मारलेत?"

"साडेतीन इंची."

"वा. म्हणजे पलीकडच्या खोलीतही कपडे टांगायची सोय झाली."

"बाबा, मी कागद बघूनच..."

"कागद बघणारा सुतार मी अजून पाहिलेला नाही," काका म्हणाले, आणि इथे थांबायला हवं होतं तिथे ते थांबले नाहीत. "उद्या माझी पोर या भिंतीला चिकटून मेली असती तर कुठला कागद दाखवणार होता?"

जावयाने हातातला पेचकस खाली ठेवला. लेक दारातच उभी होती, केव्हा आली कळलं नव्हतं. तिने आवाज चढवला नाही.

"झालंच ना शेवटी, बाबा," ती म्हणाली. "काम उरकलं की दार ओढून घ्या. आम्ही खाली थांबतो."

दोघं जिना उतरून गेली. काकांनी सॉकेट उघडला, पाइपात तारा ओढायची स्प्रिंग घातली, आणि ती वर जायच्या ऐवजी डावीकडे कलली. त्यांनी बॅटरी लावून वाकून बघितलं. पाइपाचं तोंड सॉकेटच्या पेटीच्या कोपऱ्यातून, वाकडं आत आलेलं होतं. असं कोण गाढव पाइप टाकतं, एवढं मनात येईपर्यंत त्यांना सगळं आठवलं.

ते फ्यूजच्या पेटीपाशी गेले आणि दारावरचा कागद सोडवून उजेडात धरला. त्यांच्या उभ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने चौदा बारीक फुल्या मारलेल्या होत्या, एकेका स्क्रूची एकेक. प्रत्येक फुलीशेजारी रेघेपासूनचं अंतर लिहिलेलं. एके ठिकाणी आकडा खोडून पुन्हा मोजला होता आणि फुली आणखी दोन इंच लांब सरकवली होती. बत्तीस वर्षं ते ज्या सुताराची वाट बघत होते तो हा होता, आणि त्याचा स्क्रू नेमका तिरक्या पाइपात बसला होता.

खोली शांत होती. भिंतीच्या आत कुणी बघणार नव्हतं. ही लाइन जागच्या जागी बंद करून टाकायची, जमिनीलगत प्लास्टिकच्या पट्टीतून दुसरी फिरवायची, आणि स्क्रूच लागला होता म्हणायचं. त्यात शब्दाचं खोटं नव्हतं. लेक चार दिवस रुसली असती, मग बोलली असती, आणि जावई जन्मभर त्यांच्यासमोर मान खाली घालून बसला असता. काका खाली फरशीवर बसले. त्यांनी डोळे मिटून म्हातारी लेक बघायचा प्रयत्न केला. केस दिसले, शाल दिसली, पण ती त्यांच्याकडे पाठ करून बसली होती आणि काही केल्या वळेना. त्यांना फार लाज वाटली.

ते कागद घेऊन जिना उतरले. दोघं खालच्या पायरीवर बसली होती.

"जावईबापू, जरा वर या. बाळा, तूपण ये."

वर त्यांनी सॉकेटची उघडी पेटी दाखवली आणि कागद जावयाच्या हातात दिला. "पाइप मी तिरका टाकला आणि कागदावर सरळ काढला," ते म्हणाले. "तुमचा स्क्रू बरोबर जागी आहे. चूक माझी आहे." दुसऱ्या कारागिराला हे शब्द त्यांनी कधी ऐकवले नव्हते, त्यामुळे ते कसे म्हणायचे याचा सराव नव्हता.

जावयाने कागदावरच्या फुल्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "स्क्रूचं काही नाही, बाबा. पण ती मेली असती असं बोलायला नको होतं. मी काय तिला मारायला कपाट केलं होतं?"

"नको होतं बोलायला," काका म्हणाले. "मागे घेता येत नाही, तरी घेतो."

लेकीने पुढे होऊन कपाटाची दोन्ही दारं उघडली आणि आतल्या फळ्या एकेक करून बाहेर काढायला लागली. जावयाने खाली ठेवलेला पेचकस उचलला.

"कपाट उतरवावं लागेल," तो म्हणाला.

"हो."

"चार दिवसांचं काम आहे हे."

"हो," काका म्हणाले.

"मग त्या टोकाला उभे राहा. दोन्ही हात खालून लावा. मी सांगेपर्यंत उचलायचं नाही."

काका टोकाला जाऊन उभे राहिले. दोन्ही हात खालून लावले. जावई एकेक स्क्रू सोडवत गेला तसं लाकडाचं वजन हळूहळू त्यांच्या तळहातांवर यायला लागलं.

"उचलू आता?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही," जावई म्हणाला.

काका थांबले.