कैचीची मूठ

आमच्या ऑनलाइन खोलीचा पासवर्ड मी विसरलो, म्हणून सवयीप्रमाणे मिलिंदला फोन लावला. उचलला त्याच्या मायनं. "सकारीच गेला गा बाबू... छातीत दुखते म्हनला, अन् गेला." मी पासवर्ड विचारायला फोन केला होता, हे काही मला तिला सांगता आलं नाही.

गोंदियाच्या कुडव्यात एका किराणा दुकानाच्या माडीवर बसून आम्ही दोघं परदेशातल्या एका कंपनीसाठी घरांचे नकाशे काढायचो. आम्ही जेवायला बसलो की तिकडची मंडळी झोपेतून उठायची. अर्धं काम एकमेकांच्या हाती देताना रोजचा गोंधळ. शेवटी कंपनीनं सांगितलं, सगळ्यांना आपापल्या वेळी येऊन काम करता येईल अशी संगणकावरची एक खोली तयार करा. ती चालली तर काम कायम. नाही तर मिलिंदला पुण्याची नोकरी धरावी लागणार होती, आणि माय काही कुडवा सोडणार नव्हती.

खोली सजवली मी. सोफे, झाडं, गोल टेबल, मधोमध कारंजं. फक्त तिथं कुणी कुणाला भेटेना, वेळाच वेगळ्या. नवरी न आलेल्या मांडवातल्या नवरदेवासारखा मी एकटाच बसून राहायचो. मिलिंद माझ्या खुर्चीमागं उभा राहून बघत होता.

"काऊन गा, रिकाम्या घरात कोन कायले बसन? मानूस नाही भेटत तं नाही भेटत. काम तं भेटलं पायजे."

त्याची माय विड्या वळायची. स्वयंपाकाला उठताना मांडीवरचं सूप तसंच खाली ठेवायची. कापलेली तेंदूची पानं एका अंगाला, आणि कैचीची मूठ शेजारच्या काकूच्या जागेकडे. काकू यायची, काही न विचारता कैची उचलायची आणि तिथूनच पुढं कापायला लागायची. मिलिंदनं खोलीतले माझे सोफे हटवून तिथं एक सूप आणि कैची ठेवली. अर्धे नकाशे त्यात, आणि जाताना कैचीची मूठ पुढच्याच्या जागेकडे वळवायची. तिकडच्यांना सूप म्हणजे काय ते कधीच कळलं नाही, मूठ मात्र बरोबर कळली. काम टिकलं, मिलिंद गोंदियात राहिला.

माझ्या कारंज्याचं काय केलंस, विचारलं तर गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "काढून टाकलं. पान्याचं बिल येऊन राहिलं होतं."

परवा पासवर्ड एकदाचा आठवला. आत गेलो. त्याचा अर्धा नकाशा सुपात तसाच. तिकडच्यांनी हात लावला नव्हता. कैचीची मूठ माझ्या जागेकडे. आणि मागच्या कोपऱ्यात, जिथं मी कधी वळून पाहिलंच नव्हतं, तिथं माझं कारंजं चालू होतं...

मग कैची उचलली.