सैंधव सुटलं तेव्हा

मध्यभारत मोडून नवा मध्यप्रदेश झाला तेव्हा आमच्या कचेरीत सगळ्यांना एकच घोर लागला होता, भोपाळला कुणाची बदली होते. मला मात्र भोपाळच्याही पलीकडची बदली दिसू लागली होती. जिना चढताना दम लागायचा, डोकं ठणकायचं. गावातल्या फ्रीगंज पेठेतल्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, छातीचा फोटो काढायला लावला आणि तो खिडकीच्या उजेडात धरून मला समजावलं. माझ्या रक्तवाहिन्या जुन्या रबरी नळीसारख्या ताठ झाल्या होत्या. त्यांतून रक्त पुढे ढकलायला हृदयाला फार जोर लावावा लागत होता, म्हणून त्याची भिंत जाड होऊन ते वाढलं होतं. असंच चाललं तर एक दिवस ते थकेल, असं ते म्हणाले. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि मीठ पूर्ण बंद केलं.

मी जात्याच भित्रा. घरी येऊन सौभाग्यवतीला सांगितलं, तर तिने त्याच दिवशी मिठाची बरणी शेजारी देऊन टाकली. लोणची-पापडही गेले. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती; तक्रार होती ती माझ्याच जिभेची. अळणी वरणभात घशाखाली उतरेना. मी पान तसंच टाकून उठू लागलो, तेव्हा तिने तोड काढली. उपवासाचं सैंधव घरात होतंच. "अहो, जे देवाच्या उपवासाला चालतं, ते तुम्हाला काय नुकसान करणार?" ती म्हणाली. आमच्या घरात सैंधवाला कुणी मीठ म्हणतच नसे. आम्हाला ते इतकं पटलं की डॉक्टरांना विचारायचं मनातही आलं नाही. उलट, रोजच उपवासाचं जेवतो आहोत, तर तेवढंच पुण्य पदरात पडेल, असा माझा हिशेब.

काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. रक्तदाब जागचा हलला नव्हता आणि फोटोत हृदय आणखी वाढलेलं दिसत होतं. डॉक्टर चिडले. "आप चोरी से नमक खा रहे हैं," म्हणाले. मी महाकाळाची शपथ घेतली, आणि ती मनापासून घेतली. त्यांनी पुढच्या रोग्याला आत बोलावलं. बाहेर पडलो तो रडकुंडीला येऊनच. सगळे सोमवार केले, सांगितलं ते सगळं पाळलं, तरी देव माझंच का ऐकत नाही, या विचाराने मी अगदी खचून गेलो.

पुढच्या सोमवारी दर्शन घेतलं, पण हात जोडताना मनात राग होता. तिथून नदीवरच्या राम घाटावर जाऊन पायरीवर टेकलो. शेजारी कुठल्याशा गावाहून आलेली एक म्हातारी बाई ओला पदर वाळवत बसली होती. चेहरा उपाशी दिसला. मी साबुदाण्याच्या खिचडीचा डबा उघडला आणि तिच्यापुढे धरला.

"अलोनी है क्या, भैया?" तिने विचारलं. "सोमवार को मेरा अलोना रहता है."

"उपवासाचीच आहे, माँजी. नमक बिलकुल नहीं, सिर्फ सेंधा है," मी म्हणालो.

तिने डबा हळूच माझ्याकडे सरकवला. "सेंधा भी तो नमक ही हुआ ना, बेटा."

मला हसू आलं. मी तिला समजावायला तोंड उघडलं आणि डॉक्टरांचं ते 'चोरी से नमक' आठवलं. खिचडी तशीच राहिली. भानावर येऊन पाहतो तो ती आपल्या सोबतिणींबरोबर पायऱ्या चढून गर्दीत मिसळली होती. ती कोण, कुठली, मला आजही ठाऊक नाही. मी पाण्याकडे पाहत किती तरी वेळ रडलो.

घरी सांगितलं तेव्हा सौभाग्यवतीने कपाळावर हात मारून घेतला आणि तीही रडली. त्या दिवशी सैंधव सुटलं. डॉक्टरांचा हुकूम म्हणून जे जमत नव्हतं, ते महाकाळाला वाहिलं म्हटल्यावर जमलं. आजवर मी देवाला माझ्या सोयीचं तेवढंच देत होतो. हळूहळू रक्तदाब उतरला. डॉक्टर म्हणाले, ताठ झालेल्या वाहिन्या पुन्हा तरुण होणार नाहीत, पण हृदयावरचा भार कमी झाला आहे, ते आता वाढत नाही. मला तेवढं पुष्कळ होतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी देवासला भाच्याच्या लग्नात आम्ही पंगतीला बसलो. माझ्यासाठी अळणी वरणभात वेगळा आला होता. शेजारी सौभाग्यवतीने भाजीचा घास तोंडात घातला आणि तोंड वाकडं केलं. "केवढी खारट केलीय!" ती पुटपुटली. भाजी सगळे आवडीने खात होते. वाढपी तर दुसऱ्यांदा फिरत होता. घरी ती नेहमी माझ्यामागून जेवायची. स्वतःपुरतं मीठ ठेवून आपल्या पानात घेत असेल असंच मी धरून चाललो होतो.

"अगं, तू पण?" मी विचारलं.

"तेव्हापासूनच," ती म्हणाली, "जेवा तुम्ही, भात गार होतोय."

मी मान खाली घालून जेवू लागलो. महाकाळाचे आभार मानायचे होते, पण डोळे तिच्या पानावरून हलेनात.