दुपट्ट्याखाली ठरलेले टायर

माझी गाडी आमच्या घरात कुणालाच आवडत नाही. दोन माणसांची, पिवळी, जमिनीला टेकलेली, आणि आवाज असा की गल्लीतली कुत्री अजून तिच्यावर भुंकतात. चाळिशी उलटलेल्या, दातांचा दवाखाना चालवणाऱ्या बाईनं जुनी का होईना पण स्पोर्ट्स कार घ्यावी, हे आईला आजही पटलेलं नाही. "दोन शिटाच्या गाडीत संसार कसा मावन वं?" असं तिनं पहिल्याच दिवशी विचारलं. संसारच नाही तर मावायचा प्रश्न कुठे येतो, असं मी म्हणाले, आणि पुढचे दोन दिवस ती माझ्याशी फक्त भांड्यांच्या आवाजानं बोलली.

बाबांनी मात्र गाडीभोवती एक चक्कर मारली, टपावर हात फिरवला आणि म्हणाले, "माल चांगला आहे. पण पोतं ठेवशीन कुठी?" तेव्हा ते बोलत होते.

बाबा नागपुरात कळमन्याच्या बाजारात धान्याचे अडते. कुही-मौद्याकडचे शेतकरी माल घेऊन यायचे आणि बाबा तो विकून द्यायचे. आयुष्यभर त्यांनी मूठभर तूर हातात घ्यायची, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि भाव सांगायचा, एवढंच केलं. गेल्या हिवाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय काठीच्या आधारानं परत आला, पण शब्द आले नाहीत. म्हणजे आले, पण भलतेच. पाणी हवं असलं की "मंगळवार" म्हणायचे. आकड्यांचे तर फारच हाल. बोलण्याचा सराव घेणारी थेरपिस्ट मुलगी दोन बोटं दाखवायची, बाबा म्हणायचे "चाळीस", आणि आपण चुकलो हे त्यांच्या लगेच ध्यानात यायचं. तेच सगळ्यात वाईट होतं. काही कळत नसतं तर बरं झालं असतं, असं माझ्या मनात आलं की मला स्वतःचाच राग यायचा.

कळमन्यातले त्यांचे जुने सोबती दोनतीनदा भेटायला आले. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ज्याच्या तोंडच्या आकड्यावर बाजार चालायचा, त्यानं दोनाला चाळीस म्हणायचं? मग ते लोक यायचे थांबले आणि बाबा बाहेर पडायचे थांबले. मी दिवसभर लोकांना "आ करा" म्हणते आणि लोक करतात. घरी एक माणूस तोंड मिटून पडला होता आणि माझी विद्या तिथे कवडीच्या कामाची नव्हती. मला माझा बाप परत हवा होता. दुसरं काही मागणं नव्हतं.

उन्हाळ्यात एकदा व्यायामाला न्यायची नेहमीची रिक्षा आली नाही, म्हणून बाबांना माझ्या गाडीत बसवावं लागलं. आधी बूड, मग डोकं, मग एकेक पाय. आई वरून सूचना देत होती आणि आम्ही दोघं घामाघूम. येताना एका वळणावर पाण्याच्या टँकरनं सिमेंटचा रस्ता भिजवून ठेवला होता. ब्रेक लावला आणि गाडी सरळ जायच्या ऐवजी तिरकी घसरत गेली. दुभाजकाच्या अलीकडे थांबली. बाबांनी डाव्या हातानं डॅशबोर्ड घट्ट धरला होता.

घरी उतरल्यावर ते आत गेले नाहीत. काठी गाडीला टेकवली, कसेबसे वाकले आणि टायरमध्ये अंगठ्याचं नख रोवून पाहिलं. नख रुतलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, अगदी भरड माल परत करताना हलवायचे तशी. कितीतरी महिन्यांनी त्यांनी कशात तरी लक्ष घातलं होतं. टायरवरच्या नक्ष्या अजून खोल दिसत होत्या म्हणून मी निर्धास्त होते, पण नागपूरच्या चार उन्हाळ्यांत रबराचं पार लाकूड झालं होतं.

त्यानंतर मी रोज रात्री जेवण झालं की टायरचंच वाचत बसू लागले. मऊ रबर रस्त्याला धरून राहतं पण लवकर झिजतं. कडक रबर टिकतं पण ओल्या रस्त्यावर दगा देतं. माझ्या गाडीची पुढची आणि मागची मापं वेगळी, त्यामुळे मागचे झिजले तर पुढचे तिथे टाकून भागवायची सोय नाही. शेवटी मी सगळ्यात महाग, परदेशी टायर पक्के केले. बाप बसणार आहे त्या गाडीत, मग काटकसर कशाला? आणि रविवारी बाबांना म्हटलं, "चला, टायर घ्यायले जाऊ. मले एकटीले लुटतीन ते लोकं."

आई म्हणाली, "काहून त्यायले उन्हात नेऊन राहिली?" पण बाबांनी खांद्यावर सुती दुपट्टा टाकला होता. कळमन्याला जाताना टाकायचे तोच.

भंडारा रोडवरच्या त्या दुकानात कूलरसमोर आम्हाला खुर्च्या मिळाल्या. दुकानदार तरुण, गोड बोलणारा. बाबांशी मात्र तो बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडून बोलला, "अंकलजी, ठंडा पियेंगे?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, ये इम्पोर्टेड डालो, आँख बंद करके." तीन प्रकारचे टायर त्यानं समोर लोळवत आणले.

बाबांनी डोळे काही बंद केले नाहीत. पहिल्या, परदेशी टायरमध्ये नख रोवलं. छान रुतलं. मग त्यांनी कडेवरच्या चार अंकांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. ते अंक म्हणजे टायर कधी बनला त्याचा आठवडा आणि वर्ष. मी ते वाचलं होतं, घरी त्यांना सांगितलंही होतं, पण ऐकतात की नाही हे मला कळलं नव्हतं. ऐकलं होतं तर. टायर गोदामात बराच काळ पडून राहिलेला होता. जुना माल. दुसरा, खूप वर्षं चालेल असा म्हणून दाखवलेला, नखाला दादच देईना. तिसरा मधल्या भावाचा, फारसं नाव नसलेल्या कंपनीचा. मी त्याच्याबद्दल चांगलं वाचलं होतं, पण स्वस्त म्हणून बाजूला ठेवला होता. बाबांनी नख रोवलं, काढलं, खळगा भरून येतो का ते पाहिलं, टायरचा वास घेतला आणि अंक पाहिले. ताजा होता. त्यांनी टायरवर हलकी चापट मारली. बाबांनी चापट मारली की तो माल घ्यायचा, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

दुकानदारानं भाव सांगितला. बाबा खुर्चीत पुढे सरकले, तोंड उघडलं आणि म्हणाले, "मंगळवार... सात... मंगळवार."

दुकानातली पोरं हसली नाहीत, पण त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बाबांची मान खाली गेली. आता हे घरी जाऊन भिंतीकडे तोंड करतील आणि परत कधी बाहेर पडणार नाहीत. इथे आणायची अवदसा मला कुठून आठवली?

तेवढ्यात त्यांनी डाव्या हातानं खांद्यावरचा दुपट्टा ओढला, माझ्या हातावर टाकला आणि त्याखाली माझी बोटं धरली.

बाबांच्या तरुणपणी बाजारात भाव असाच ठरायचा. उघड बोलायचं नाही. कापडाखाली एकानं दुसऱ्याची बोटं दाबायची. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, सगळा पंजा म्हणजे पाच. शेकडा की हजार, ते दोघांनाही ठाऊक असतं. पुढे उघडे लिलाव आले आणि ती रीत मोडली. पण मी लहान असताना बाबा हा खेळ माझ्याशी खेळायचे. संत्र्याच्या गोळ्या किती मिळणार ते दुपट्ट्याखाली ठरायचं. जमलं की ते माझी मूठ आवळून एक झटका द्यायचे. म्हणजे सौदा पक्का.

मी बोटं मोजली. क्षणभर वाटलं, हेही 'चाळीस'सारखंच असेल. पण नव्हतं. दुकानदाराच्या भावापेक्षा खूप खाली, तरी त्याला राग येणार नाही इतपत वर. मुरलेल्या व्यापाऱ्याची पहिली बोली होती ती. मी ती मोठ्यानं सांगितली. "मॅडम, इतने में नहीं होगा," दुकानदार म्हणाला आणि थोडा उतरला. दुपट्ट्याखाली बोटं हलली. मी बोलले. तो आणखी उतरला. आता तो माझ्याकडे नाही, बाबांकडे बघून बोलत होता, आणि ओरडतही नव्हता. शेवटी माझी मूठ आवळली गेली आणि झटका बसला. मला रडू आलं. मी कूलरकडे तोंड केलं.

टायर चढले. नवे टायर सुरुवातीला गुळगुळीत असतात, थोडं अंतर हळूच चालवा, असं दुकानदारानं बजावलं. म्हणून मी गाडी घराकडे न वळवता रिकाम्या रस्त्यानं सावकाश नेत राहिले. कळमन्याच्या वळणापाशी बाबांनी डावा हात आडवा आणून गियरवरच्या माझ्या हातावर ठेवला.

"घरी जायचं?" त्यांनी मान हलवली. नाही.

"बाजारात?" माझी मूठ आवळली गेली.

बाजारात आमच्या गाडीनं प्रत्येक गतिरोधकावर पोट घासलं. सुटीचा दिवस, सामसूम होती. शेडखाली पोत्यांवर तीनचार म्हातारे चहा पीत बसले होते. घरी करमत नाही म्हणून रविवारीही येणारे. शेजारच्या गाळ्यातले काका उठून आले. "काय गा शेठ! हे पिवळं बेडूक कुठून आणलं?" बाबांना बाहेर काढायला त्यांनीच हात दिला. मी सांगितलं, नवे टायर टाकले, बाबांनी भाव केला. काकांनी सहज विचारलं, "केवढ्याले पडले गा?"

बाबा म्हणाले, "मंगळवार."

मी घाईनं उत्तर द्यायला गेले, तर बाबांनी मला हातानं थांबवलं. दुपट्टा काढला आणि काकांच्या हातावर टाकला. काकांनी जुन्या सवयीनं मान वळवून दुसरीकडे पाहिलं. दुपट्टा हलला.

"एवढ्यात देल्ले?" काका ओरडले. "अबे, लुटलं यानं त्याले!"

मग दुसरे उठले. त्यांनी आपणहून दुपट्ट्याखाली हात घातला आणि विचारलं, "तूर कितीवर जाईन, सांग बरं." बाबांनी विचार केला, बोटं दाबली. "नाई गा, एवढी नाई जात." बाबांनी पुन्हा तीच बोटं दाबली, जरा जोरात. ते वाकड्या तोंडानं हसत होते. तिसऱ्यानंही हात पुढे केला. मी विचारलं, आता काय म्हणाले? काका म्हणाले, "तुले काहून सांगू वं? दुपट्ट्याखालची गोष्ट आहे."

मी शेडच्या सावलीत गाडीला टेकून उभी राहिले. तेवढ्यात आईचा फोन आला. उन्हाचं कुठे फिरून राहिली, बाबांची गोळी राहिली, त्यांना दे बरं फोन, ती म्हणाली.

"थांब वं आई," मी म्हणाले. "बाबा बोलून राहिले."