देवळ्याचा 'रिअल बेनिफिट'

नाशिक रोडहून निघालेली एसटी पिंपळगावला पंक्चर झाली, त्यामुळे देवळ्याला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. चांदवड मागे पडलं की कांद्याचा वास खिडकीतून आत येऊन बसतो, तिकीटही काढत नाही.

माझी मावसबहीण संगीताताई स्टँडवर उभीच होती. तिने आणि शेजारच्या बायकांनी मिळून कांदा वाळवायची शेड टाकली आहे. त्या दुपारी मुंबईचा खरेदीदार येणार होता. त्याने माल उचलला नाही, तर शेडला कुलूप लागणार होतं.

ताईने माहितीपत्रक माझ्या हातात दिलं. "त्यात काय लिहेल शे (लिहिलं आहे) रे? मला तं काय बी उमजत नाय."

त्यातलं इंग्रजी दाजींनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, लिहिलं होतं. पहिल्या पानावर 'रिअल बेनिफिट', दुसऱ्यावर 'टँजिबल गेन', तिसऱ्यावर 'जेन्युइन व्हॅल्यू'. इंग्रजीत नुसत्या फायद्यावर कुणाचा विश्वास बसत नसावा, म्हणून त्याला दरवेळी खरेपणाचा दाखला जोडावा लागतो. आपल्याकडे 'चार पैसे सुटतील' म्हटलं की काम भागतं. दाजींनी तर फायदा इतक्या परीने खरा केला होता, की मलाच त्याचा संशय यायला लागला. आणि कांदा हा शब्द कुठेच नव्हता!

"दाजी, विकायचं काय ते राहिलंच की!"

"अहो पाहुणे, देवळ्यात येऊन माणूस दुसरं काय घेणार? माल म्हणजे कांदाच. लिहिलं तर लोक हसतील."

तेही बरोबरच. इथे भरलेला ट्रॅक्टर पाहून आत काय आहे, असं कुणी विचारत नाही. शिवाय पत्रक छापून मुंबईला पोचलंही होतं. मला बोलावलं होतं ते कौतुक करायला.

खरेदीदार आला. बाजरीची भाकरी, ठेचा आणि वाळवलेल्या कांद्याचं पिठलं मनापासून जेवला. मग हात पुसत म्हणाला, "तुमचं पत्रक फारच सुंदर आहे. आता सांगा, तुम्ही बनवता काय?"

लिलावात माल समोर ओतून दाखवतात, तशी ताईने अख्खी गोणी ताडपत्रीवर पालथी केली. त्याने चिमूटभर कांदा हुंगला.

"छान आहे. पण आमचा माल गुजरातहून येतो. मी खरं तर हे लिहिणाऱ्याला भेटायला आलोय. आमच्या कंपनीसाठी लिहाल का?"

दाजी लाजले आणि लगेच "हो" म्हणाले. बायका खाली बसून सांडलेला कांदा गोळा करत होत्या, आणि हे दोघं त्याच ताडपत्रीच्या कडेला उभे राहून 'विन-विन' म्हणत एकमेकांचे हात हलवत होते. मला दोघांचाही मनस्वी राग आला. माझी गाडी सुटायच्या आधी ताईने शेडला कुलूप घातलं.

घरी पोचल्यावर बायकोने विचारलं, "विकला का हो कांदा?"

"कांदा तसाच आहे," मी म्हटलं. "दाजी तेवढे विकले गेले."