खडू उचलायची जागा

"हाई रेघ कथाईन उनी?"

अहिरे सरांनी मॉनिटरच्या काचेवर बोट ठेवून विचारलं. सर मालेगावचे. वर्गात तीस वर्षं त्यांनी शुद्ध पुस्तकी मराठीत गणित शिकवलं, पण आश्चर्य वाटलं की तोंडून अहिराणीच निघायची. ही रेघ कुठून आली, असं ते विचारत होते.

स्क्रीनवर टॅनचा आलेख होता. टॅन म्हणजे त्रिकोणमितीतलं ते प्रकरण, जे शाळेत एकदा भेटतं आणि नंतर बहुतेकांना ओळख दाखवत नाही. त्याचा आलेख शून्य अंशापासून वर चढत जातो. नव्वदच्या जवळ गेला की थेट आभाळात. नव्वद ओलांडलं की खालून, पाताळातून पुन्हा वर येतो. बरोबर नव्वदला काय? काहीच नाही. तिथे टॅनला किंमतच नाही.

आमच्या आलेखात नव्वदवर एक ठसठशीत उभी रेघ होती.

"सर, ती कॉम्प्युटर काढतो," मी म्हणाले. "तो बिंदू जोडत जातो ना, म्हणून येते. सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये येते."

"सगळ्यांचं चुकतं म्हणजे बरोबर होतं का, पोरी?"

मला राग आला. एक तर डेमो चार दिवसांवर होता. त्यात हे गृहस्थ आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरसमोर बसले होते आणि माऊसला हात लावायला तयार नव्हते.

दोन हजार तीन-चारचा सुमार. गंगापूर रोडला एका मेडिकलच्या वर आमचं चार जणांचं ऑफिस होतं. बॉसचं आडनाव पगार. नाशिककडे हे आडनाव आहे; पुण्याचे लोक ऐकून हसतात. अमेरिकेतल्या एका गृहस्थांची मुलांसाठी वेबसाइट होती, तिच्यावर गणिताचा कॅल्क्युलेटर. समीकरण टाकलं की उत्तर यायचं. आता त्यांना समीकरणाचा आलेखही काढून हवा होता. नमुना त्यांनी दोघांकडून मागवला होता, एक आमच्याकडून आणि एक पुण्याच्या कंपनीकडून. ज्याचा चांगला, त्याला पुढचं दोन वर्षांचं काम.

पगार साहेबांनी आम्हाला स्वच्छ सांगितलं होतं, "हे आलं नाही तर दिवाळीनंतर मी शटर ओढतोय." बाकीच्या तिघांना पुण्याचा रस्ता मोकळा होता. माझा नवरा मनमाडला रेल्वेत, मुलगी अडीच वर्षांची. मी नाशिक सोडू शकत नव्हते आणि नाशकात तेव्हा प्रोग्रॅमरला काम देणारी ऑफिसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्याआधी पाच वर्षं मी कॉम्प्युटर क्लासमध्ये 'माऊस असा धरायचा' हे शिकवत होते. तिकडे परत जायच्या विचारानेच मला धडकी भरायची. हे मी घरीही बोलले नव्हते.

अहिरे सर हे पगार साहेबांचे शाळेतले शिक्षक. तपासायला कुणीतरी गणितवाला हवा म्हणून साहेबांनी त्यांना बोलावलं. मालेगावहून सकाळच्या एसटीने येत. पिशवीत आलेखाच्या कागदांची वही, टोक केलेल्या दोन पेन्सिली आणि डबा. मी आलेख दाखवायचा, सरांनी तोच हाताने काढायचा आणि दोन्ही ताडून बघायचे. त्यांच्यासमोर पगार साहेब खुर्चीत नीट बसत.

सरांनी याआधीही चुका काढल्या होत्या. पहिल्याच दिवशी आमचा पॅराबोला उलटा आला. वर तोंड करून बसायची वाटी पालथी पडलेली. कारण कागदावर y वर जाताना वाढतो, तर स्क्रीनवर खाली येताना वाढतो. मी एक वजाचं चिन्ह टाकलं, झालं. कॅल्क्युलेटरला '2x' कळत नव्हतं, '2*x' असं लिहावं लागे. तेही दुरुस्त केलं. या चुका मला पटल्या होत्या. टॅनची मात्र पटत नव्हती.

सरांनी मग साइटवरच्या जुन्या कॅल्क्युलेटरमध्ये 'टॅन ९०' टाकायला लावलं. मी टाकलं. सतरा आकडी उत्तर आलं.

सर चष्मा पुसून पुन्हा बघायला लागले. "जे नाहीच, त्याचं सतरा आकडी उत्तर देतं हे? राजेंद्र, तू असं उत्तर दिलं असतंस तर मी काय केलं असतं?"

"बाकावर उभं केलं असतं, सर," पगार साहेब म्हणाले. सर बाहेर गेल्यावर मला म्हणाले, "मनीषा, डेमोत टॅन दाखवायचाच नाही. विषय संपला."

माझ्यासाठी तो संपेना. दुसऱ्या दिवशी मी एक सोपी युक्ती केली. आमचा प्रोग्रॅम दर दोन अंशांना एक बिंदू काढायचा. ८९ ला टॅन सत्तावन्न, ९१ ला उणे सत्तावन्न. दोन्ही जोडले की उभी रेघ. मग मी नियम घातला की दोन शेजारचे बिंदू एकमेकांपासून फार लांब असतील तर जोडायचेच नाहीत. टॅनमधली रेघ गेली. मी विजयी मुद्रेने सरांकडे पाहिलं.

"y बरोबर शंभर x काढ," सर म्हणाले.

ही साधी सरळ रेषा. फक्त खूप उभी, त्यामुळे तिचे शेजारचे बिंदूही लांब लांब. स्क्रीनवर चार ठिपके आले. रेषा गायब.

"खोटी रेघ पुसायला गेलीस आणि खरी पुसून बसलीस."

"मग तुम्ही फळ्यावर कसं काढता, सर?" मी जरा तोडूनच विचारलं.

"खडू उचलतो." त्यांनी हवेत हात फिरवून दाखवला. वर चढत गेलेला हात नव्वदपाशी सुटला, आणि खालून पुन्हा टेकला. "पोरं चुकतात ती इथेच. खडू टेकवायचं सगळ्यांना येतं, उचलायचं कोणाला येत नाही."

"पण उचलायचा कुठे ते कसं कळतं?"

"शंका आली की मधला बिंदू काढायचा. तो दोघांच्या मधे बसला तर जोड. दोघांना सोडून भलतीकडे पळाला तर उचल."

मी तेच कोडमध्ये लिहिलं. बिंदू लांब असले तर मधला विचारायचा. शंभर x मध्ये मधला बिंदू मुकाट मधे बसला, रेषा जोडली गेली. टॅनमध्ये ८९ आणि ९१ च्या मधला म्हणजे नव्वद, आणि त्याचं ते सतरा आकडी उत्तर. सत्तावन्न आणि उणे सत्तावन्नच्या मधे ते कुठलं बसतंय! प्रोग्रॅमने खडू उचलला. सरांनी वही मिटली आणि डबा उघडला. मला अर्धी भाकरी दिली. इतका आनंद मला पगारवाढीनेही झाला नव्हता.

डेमो शुक्रवारी संध्याकाळी. तिकडची सकाळ. अमेरिकेतले गृहस्थ त्यांच्या कॉम्प्युटरवर समीकरण टाकणार, फोनवर सांगणार, आम्ही इकडे तेच टाकून बघणार. फोन स्पीकरवर. ते स्वतः आधी गणिताचे शिक्षक होते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. बोलणं इंग्रजीतलं, मी मराठीत सांगते.

पहिलंच समीकरण त्यांनी टॅनचं टाकलं. पगार साहेबांनी डोळे मिटले. आलेख उघडला. नव्वदवर मोकळी जागा. पलीकडून नुसतं "हं" आलं.

दुसरं टाकलं: एक भागिले (x वजा दोन)चा वर्ग. हा आलेख दोनच्या दोन्ही बाजूंनी आभाळात जातो. आमच्याकडेही गेला, पण वर दोन्ही टोकांना जोडणारी एक छोटी आडवी रेघ आली. डब्याला झाकण लावावं तशी.

"हे वर काय आहे?" त्यांनी विचारलं.

दोनच्या अलीकडचा बिंदू शंभरवर, पलीकडचाही शंभरवर. दोघे अगदी शेजारी, लांब नाहीतच. त्यामुळे प्रोग्रॅमला शंका आलीच नाही आणि मधला बिंदू त्याने विचारलाच नाही. आज मी हे दोन ओळींत सांगते आहे. तेव्हा डोळ्यांसमोर फक्त माऊसवरचे नवशिक्यांचे हात येत होते.

पगार साहेबांनी कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवलं: 'डिस्प्ले सेटिंग आहे म्हण.'

म्हणता आलं असतं. वाक्य तयार होतं, फक्त टेकवायचं होतं. मी अहिरे सरांकडे पाहिलं. त्यांना इंग्रजी बोलणं फारसं कळत नव्हतं, पण झाकण दिसत होतं. ते माझ्याकडेच बघत होते.

"ती रेघ चुकीची आहे," मी म्हणाले. "तिथे काहीच नाही. ती का येते, हे आत्ता मला नक्की सांगता येत नाही."

पगार साहेबांनी कागदाचा बोळा केला.

"पुण्याच्या लोकांकडेही येते," पलीकडून आवाज आला. "ते म्हणाले, माझ्या मॉनिटरचा दोष आहे. तुम्हाला किती दिवस लागतील?"

"दोन," पगार साहेब म्हणाले.

"चार," मी म्हणाले.

पाच लागले. आलेख चढता चढता एकदम उतरायला लागला, तर तिथेही शंका घ्यायची आणि पुन्हा पुन्हा मधला बिंदू काढायचा. खरं शिखर असेल तर आकडा एका जागी थांबतो. नसेल तर वाढतच जातो, मग खडू उचलायचा. जाता जाता टॅन ९० चं ते सतरा आकडी उत्तरही मी काढून टाकलं. काम आम्हाला मिळालं. शटर उघडं राहिलं, आणि पुढची नऊ वर्षं मी त्याच मेडिकलवरच्या जिन्याने चढत-उतरत होते.

त्या दिवशी खोटं बोलले असते तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही. म्हणून तिथे मी काही जोडत नाही.

फीचर सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तक्रारीची ईमेल आली, तिकडच्या कुठल्याशा विद्यार्थ्याची. 'तुमचा टॅनचा आलेख नव्वदवर तुटला आहे. तिथे काय आहे?' पगार साहेब वैतागले. एवढी मेहनत करून वर ही तक्रार. मी ती मेल अहिरे सरांना फोनवर मराठीत वाचून दाखवली आणि उत्तर काय लिहू म्हणून विचारलं.

सर मोठ्याने हसले. "काय लिहायचं ते लिही," म्हणाले. "पण रेघ असती, तर त्यानं विचारलं असतं का?"