गाइडचा वास

आधी डावी नाकपुडी वर जायची, मग तोंड बाजूला वळायचं, जणू कोणी सडकी मासोळी पुढ्यात आणून ठेवली. "गाइडचा वास येऊन राह्यला," भाऊ म्हणायचे आणि तुमचा कागद दोन बोटांनी परत सरकवायचे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कोणाला पालीची शिसारी असते, कोणाला दुधावरच्या सायीची. आमच्या भाऊंना पाठ केलेल्या वाक्याची होती.

भाऊ आलापल्लीच्या लाकूड डेपोत कामाला होते. सागाच्या लठ्ठ्याची गोलाई मोजायची, त्यावर हातोड्यानं ठसा मारायचा, रंगानं नंबर टाकायचा. संध्याकाळी बोटांना तोच पांढरा रंग घेऊन ते सायकलनं आमच्या गावी यायचे आणि ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत आम्हा स्पर्धा परीक्षावाल्या पोरापोरींना इंग्रजी वाक्प्रचार शिकवायचे. फुकट. परीक्षा देता देता त्यांचं वय निघून गेलं होतं, इंग्रजी तेवढं उरलं होतं.

त्यांची एक जाड वही होती. पहिल्या रकान्यात वाक्प्रचार, दुसऱ्यात अर्थ, तिसऱ्यात उदाहरण. उदाहरण आपल्या गावात घडलेलंच हवं, आणि ज्यानं आणलं त्याचं नाव खाली. गाइडमधला शाम त्यांना चालत नसे. "हा शाम कोन्या गावचा? भेटला काय तू त्याले?"

'व्हाइट एलिफंट' म्हणजे पोसायला महाग आणि कामाला शून्य अशी वस्तू. एका मुलीनं त्यासाठी चौकातलं पाणी शुद्ध करायचं यंत्र आणलं. उद्घाटनाच्या दिवशी चाललं ते शेवटचं, विजेचं बिल मात्र येतच होतं. भाऊंनी ते मान डोलवत उतरवून घेतलं. त्या दिवसापासून गावात कोणीच त्या यंत्राला यंत्र म्हणालं नाही.

मी तलावात मासे धरणाऱ्या घरातला. बाबांसोबत जाळं ओढून तसाच यायचो, म्हणून दाराशी बसायचो. एकदा 'फिश इन ट्रबल्ड वॉटर्स' आलं. गोंधळाचा फायदा घेऊन आपलं साधणं. तलावाच्या ठेक्यावरून दोन गट भांडत असताना एका पुढाऱ्यानं तो ठेका गुपचूप भाच्याच्या नावे केला होता. मी तेच सांगितलं. भाऊ उठून थेट माझ्या शेजारी येऊन बसले. मी सरकलो. म्हटलं, अंगाला वास येते, भाऊ.

"मासोळीचा येते. तो चालते," ते म्हणाले. "गाइडचा नाई येत."

पुढे मला बरीच प्रमाणपत्रं मिळाली. या तोडीचं एकही नव्हतं.

वहीत एकच ओळ अर्धी होती. 'बाइट द हँड दॅट फीड्स यू'. ज्यानं भरवलं त्याच्याच हाताला चावणं. कोणी काकाचं उदाहरण आणलं, कोणी नोकराचं. भाऊंना एकही पटलं नाही. सगळी ऐकीव आहेत, म्हणाले. "आपल्या गावात असा कोणी नाई भेटला अजून. राहू दे रिकामं."

मी कर सहायक झालो. घराण्यातला पहिला पदवीधर, पहिला नोकरदार. इंग्रजीच्या प्रश्नांत भाऊंची वही जशीच्या तशी डोळ्यांपुढे होती. निकालाच्या तिसऱ्या दिवशी चंद्रपूरच्या एका क्लासचा फोन आला. तिथे मी फक्त एकदा, मोफत सराव परीक्षेला गेलो होतो. सत्कार ठेवला आहे म्हणाले, आईवडिलांनाही आणा.

त्या सत्काराची मला अजून किळस येते. मंचावर एकच पुष्पगुच्छ होता. फोटो निघाला की पडद्यामागून तो परत पुढच्याच्या हातात. मला एक चिठ्ठी दिली, त्यावरची दोन वाक्यं माइकवर वाचायची. पहिल्या रांगेत आई कापड घातलेल्या खुर्चीवर काठाकाठानं बसली होती, खुर्ची मळेल म्हणून. मी वाचलं, "माझ्या यशाचं संपूर्ण श्रेय या क्लासला जातं." वाचतानाच वास आला. तरी वाचलं. सर्वांनी टाळ्या वाजवल्या, आईनंही.

आठवड्यात माझ्या फोटोचं फ्लेक्स गावच्या चौकात लागलं, त्या बंद यंत्राच्या शेजारीच. क्लासला गावात शाखा काढायची होती आणि त्यासाठी भाऊंचीच खोली हवी होती. ज्यांचं पोरगं नोकरीला लागलं त्यांना खोली, असं पंचायतीत ठरलं. पोरगं आपलं आहे, भाऊंनी सांगितलं. लोकांनी फ्लेक्सकडे बोट दाखवलं.

रात्रीच त्यांचा फोन आला. आवाजात तक्रार नव्हती. "सोमवारी ग्रामसभा आहे, बाबू. येजो. काई मोठं बोलू नको, जे झालं तेच सांगजो."

मी हो म्हणालो. सोमवारी सकाळी कळवलं, प्रशिक्षण सुरू झालं, सुटी नाही. प्रशिक्षण गुरुवारी सुरू होणार होतं. सत्काराची शाल पांघरून घेतल्यावर ती सर्वांसमोर काढायची मला लाज वाटली. इतकंच कारण. याहून मोठं कारण मी खूप शोधलं, सापडलं नाही.

खोली गेली. तिथे आता काचेचं दार आहे, फी आहे. भाऊंनी वर्षभर डेपोच्या फाटकाबाहेर झाडाखाली शिकवलं. पोरं कमी होत गेली. मग ते निवृत्त झाले आणि सिरोंच्याला मुलीकडे राहायला गेले.

पुढच्या सुटीत घरी आलो तेव्हा बाबांनी पेपरात गुंडाळलेली वही माझ्या हातात दिली. जाण्याआधी भाऊ येऊन ठेवून गेले होते.

"काही बोलले का?" मी विचारलं.

बाबा जाळ्याची गाठ मारत होते. "मासोळ्या नेल्या. तुले नोकरी जमली काय म्हणे. जमली म्हटलं."

मी वही उघडली. झाडाखालच्या वर्षातली नवी उदाहरणं होती, नव्या पोरांची नावं होती, जुन्या पानांवरच्या दुरुस्त्याही होत्या. म्हणजे हाताला चावण्याच्या त्या अर्ध्या ओळीवरून त्यांचं पेन कितीदा गेलं असेल. तिसरा रकाना तसाच होता, रिकामा.

तो मी भरला. इंग्रजीतून, त्यांच्या पद्धतीनं. गाव, खोली, फ्लेक्स, सोमवार. खाली माझं नाव.

मग वही नाकाशी नेली. बाबांच्या हातचा मासोळीचा वास होता. गाइडचा नव्हता. भाऊंनी हे वाक्य नाक न मुरडता उतरवून घेतलं असतं, आणि मला शिसारी येते ती त्याचीच.