दत्तारामच्या दंडाचं हाड

दत्ताराम गेला. जाताना मला फसवून गेला.

फुलं-दिव्याचा फोटो टाकणार नाही. तसले लाड मला जमत नाहीत. जे झालं ते लिहिते.

आम्ही दोघं परळला मेडिकल कॉलेजच्या अ‍ॅनाटॉमीत अटेंडंट. तीस वर्षं. मी सातवी पास, तो नववी नापास.
मी हॉल धुवायचे, बॉडीवर ओली चादर घालायचे. तो हाडं सांभाळायचा.

शिकवायच्या हाडांवर रंग असतो. मसल जिथून निघतो तिथे लाल, जिथे जाऊन चिकटतो तिथे निळा.
पोरांच्या बोटांनी तो पुसतो. परीक्षेआधी दत्ताराम परत रंगवायला बसायचा.

ऑइल पेंट टिकेना, म्हणून मी दादरच्या फुटपाथवरून नेलपॉलिश आणायचे. एक लाल, एक निळी.
दुकानवाला म्हणायचा, मावशी, निळी कोण लावतं?
म्हटलं, मेलेले लावतात.

दंडाचं हाड त्याचं लाडकं. डोळे मिटून सांगायचा, डावं की उजवं. गोळा आतल्या बाजूला, खाच पुढे, झालं.
बाहेरून मधोमध खरखरीत जागा लागते, तिथे खांद्याचा मसल चिकटतो. ती जास्तच खरखरीत असली की हळू आवाजात म्हणायचा, "ह्यो हमाल होतो गो."

नव्या पोरांची एक फिरकी ठरलेली. आधी त्यांना दंड फुगवायला लावायचा. मग हाड हातात द्यायचा. हा फुगलेला बायसेप्स यावर कुठे चिकटतो, दाखव.
पोरं हाड उलटंपालटं करत बसायची.
"खंयच नाय. त्याची दोरी खाचेतून जाता. धरणा खंयच नाय."

बॉडी द्यायला आलेली माणसं गेटवर रडायची. दत्ताराम त्यांना पाणी द्यायचा. म्हणायचा, घाबरू नका, आता ते मास्तर झाले.
किती जणांना सांगितलं असेल. मी बाजूला उभी असायचे.
माझा विश्वास तिथेच बसला.

रिटायर झालो त्या वर्षी दोघांनी देहदानाचे फॉर्म भरले. त्यानेच आणले होते.
ठरलं असं, की जो मागे राहील त्याने दुसऱ्याचं दंडाचं हाड रंगवायचं. डिपार्टमेंटवाले ओळखीचे. नाही म्हणाले नसते.

माझा भाऊ सही करेना. तुला अग्नी नको का, म्हणाला. शेवटी भाचीने सही केली.
भाऊ अजून भाऊबीजेला येत नाही.

दत्ताराम मात्र भेटला की पहिलं देहदानाच्या कार्डाचंच विचारायचा. "काय गो सुमन, कार्ड आसा मां पर्शीत?"
आहे बाबा.

काल सकाळी त्याच्या मुलाचा, प्रशांतचा फोन आला. मी तशीच नायगावला निघाले. टॅक्सीतूनच कॉलेजला कळवलं, गाडी पाठवा.
पोचले तर खाली तिरडी बांधत होते.

म्हटलं, प्रशांत, हे काय? गाडी येतेय.

तो माझ्याकडे बघेना.
"मावशी, बाबांनी दोन वर्षांपूर्वीच कॅन्सल केलं. लेखी देऊन आले. म्हणाले, मला चिरतील त्याची भीती वाटते."
मग म्हणाला, "सुमनला सांगू नकोस म्हणाले."

दोन वर्षं.
त्या दोन वर्षांत माझं कार्ड त्याने किती वेळा विचारलं.

भीती वाटली ते समजतं. मलाही वाटते. तीस वर्षं ते बघितलेल्या माणसाला वाटणारच.
पण मला सांगायला काय झालं होतं? शिव्या घातल्या असत्या, मग चहा टाकला असता. कदाचित मीपण कॅन्सल केलं असतं. भाऊ घरी आला असता.

गाडी नको, हा फोनही मलाच करावा लागला.

आज सकाळी अस्थी वेचायला गेले. बायका येत नाहीत, कोणीतरी म्हणालं. मी ऐकलं नाही.
राखेत एक तुकडा दिसला. वर गोळा, बाजूला खाच.
प्रशांतने विचारलं, मावशी, हे कसलं?
"दंडाचं. उजवं."

पर्समध्ये कार्डाशेजारी नेलपॉलिशच्या दोन बाटल्या होत्या. घरून निघताना का टाकल्या, मला माहीत नाही.
बाहेर काढल्या नाहीत. हाड कोरंच मडक्यात ठेवलं.

दत्तू, इतकी वर्षं मला वाटायचं तू घट्ट चिकटलेला आहेस.
तू नुसता खाचेतून गेलास.

माझा फॉर्म आहे तसाच आहे. गेटवर त्या माणसांना दिलेला शब्द तुझा होता, पण ऐकत मीपण उभी होते. आपल्यातल्या एकाने तरी जायला पाहिजे.
माझं हाड रंगवायला आता कोणी नाही. नसू दे. पोरं कोऱ्या हाडावर शिकतील.

जा आता.
श्रद्धांजली. भावपूर्ण का काय म्हणतात ते, राग उतरला की बघू.